थांबायचे कोणाच्या भरवशावर?

(जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या काळेवाडी येथील बैठकीत केलेली मांडणी)



बैठक काळेवाडीत ठेवली म्हणून काही मंडळींना नवल वाटले. फाट्यावर उतरून तुम्ही इथवर चालत आलात, वाटेत एक सरी दिसली नसेल. गुंठा-गुंठा जागेवर तीन-चार मजली घरे, खाली दुकान, वर भाडेकरू. पवनेच्या काठच्या या गावाला आज गाव म्हणायचे ते फक्त जत्रेच्या दिवशी.

बैठक इथे मुद्दाम ठेवली. खेड, मावळ, मुळशी आणि पुरंदरच्या दारात आज जो प्रश्न उभा आहे, तो काळेवाडी, राहाटणी, थेरगाव, वाकड, चिखली, मोशी या गावांच्या दारात पन्नास वर्षांपूर्वी उभा होता. त्याची उत्तरे इथे देऊन झाली आहेत आणि त्यांचा निकालही लागला आहे. आपल्याला तो आयता वाचायला मिळतो.

प्रश्न साधा आहे. जमीन जाणार. मग आज मिळेल ती रोख रक्कम घ्यायची, की उद्या मिळणारी मोठी गोष्ट धरायची? ती मोठी गोष्ट कधी विकसित भूखंडाचा परतावा असते, कधी कंपनीतला हिस्सा, कधी दरवर्षी मिळणारी रक्कम. पुण्याभोवतीच्या रिंग रोडसाठी २०२३ साली सांगितले गेले की, ठरल्या मुदतीत संमती द्याल तर मोबदल्यावर २५ टक्के जादा. पुरंदरच्या विमानतळासाठी २०२५ साली रकमेबरोबर १० टक्के विकसित जमिनीचा प्रस्ताव आला. म्हणजे सरकार एका ठिकाणी म्हणते 'लवकर सही करा, जास्त घ्या', आणि दुसऱ्या ठिकाणी म्हणते 'थांबा, जास्त घ्या'. शेतकऱ्याने ठरवायचे कसे?

ठरवण्याआधी एक शिवी बाजूला काढू. साहेब लोक म्हणतात, बँकेचे मॅनेजर म्हणतात, आता आपली शिकलेली पोरेही म्हणू लागली आहेत की शेतकऱ्याला धीर नाही, त्याच्या हातात पैसा टिकत नाही, त्याला आजचे दिसते, उद्याचे दिसत नाही. आम्ही शेतकी कॉलेजात होतो तेव्हा विस्ताराच्या तासाला हेच जरा सभ्य भाषेत शिकवले जाई.

उद्याचे दिसत नाही? आडसाली ऊस जुलैत लावायचा आणि सोळा-अठरा महिन्यांनी तोडायचा. आंब्याचे कलम लावले तर चार-पाच वर्षे त्याला पाणी घालायचे, मोहोर आला तरी सुरुवातीला खुडून टाकायचा, झाडाने आधी अंग धरावे म्हणून. दुष्काळात घरात दाणा नसताना कणगीतले बियाणे न खाता राखून ठेवणारी बाई आपल्या प्रत्येकाच्या घराण्यात होऊन गेली आहे. महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्याने या माणसांना धीर शिकवायचा, ही मोठी गंमत आहे. शेती हा धंदाच मुळी आज मातीत टाकायचे आणि पुढे उचलायचे असा आहे. मातीवर आपला भरवसा आहे म्हणून आपण टाकतो. पाऊस दगा देतो, पण पावसाने कधी लेखी आश्वासन दिलेले नसते.

हा भरवसा म्हणजेच आजच्या विषयाचे मूळ. मानसशास्त्राच्या लोकांनी याच गोष्टीवर पन्नास-साठ वर्षे खल केला आहे, तो ऐकण्यासारखा आहे.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक प्रयोग सुरू केला. चार-पाच वर्षांचे पोर एका खोलीत बसवायचे, पुढे ताटलीत एक गोड गोळी ठेवायची. ते तिला मार्शमॅलो म्हणतात, आपण बत्तासा समजू. पोराला सांगायचे, 'आत्ता खाल्लास तर हा एकच. मी बाहेर जाऊन परत येईपर्यंत थांबलास तर दोन.' मग पंधरा-पंधरा मिनिटे ते पोर एकटे. कुणी डोळे झाकून घेई, कुणी गाणे म्हणे, कुणी दार लागताच बत्तासा तोंडात टाकी. पुढे ही मुले मोठी झाली तेव्हा असे दिसले की जी जास्त वेळ थांबली होती, ती शाळेच्या परीक्षांत पुढे निघाली. झाले! जगभर बोलबाला झाला की ज्याच्या अंगी धीर तो जिंकला आणि ज्याच्या अंगी नाही तो मागे पडला. गरीब का गरीब, याचे सोयीचे उत्तर सापडले.

त्या उत्तराला पहिला मोठा धक्का २०१२ साली बसला. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ मुले घेतली आणि बत्ताशाच्या आधी एक पायरी घातली. मुलांना चित्र काढायला वापरलेले, मोडके खडू दिले आणि सांगितले, 'थोडे थांबा, आम्ही चांगले खडू आणतो.' निम्म्या मुलांना खरेच नवे खडू आणून दिले. उरलेल्या निम्म्यांकडे बाई परत आल्या आणि म्हणाल्या, 'माफ करा, खडू नाहीतच.' असेच पुन्हा एकदा चिकटचित्रांच्या बाबतीत केले. मग बत्तासा पुढे ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना फसवले होते, ती तीन मिनिटे. पोरे तशीच, वयही तेच. फरक एवढाच की एकांना शब्द पाळणारी बाई भेटली होती आणि दुसऱ्यांना न पाळणारी.

पुढे २०१८ साली आणखी तिघा संशोधकांनी नऊशेहून जास्त मुलांची माहिती घेऊन जुना दावा तपासला. घरची परिस्थिती आणि आईचे शिक्षण हिशेबात धरले तेव्हा थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराचसा विरून गेला. ज्याच्या घरी डबा भरलेला असतो, त्याला बत्ताशासाठी थांबणे जड जात नाही.

आता या तीन मिनिटे थांबणाऱ्या पोराला घेऊन काळेवाडीत या.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मग कारखान्यांची रांग लागली. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण झाले आणि कामगारांना घरे देण्यासाठी म्हणून आसपासच्या गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. कायदा १८९४ चा, इंग्रजांचा. त्यात भाव धरायचा तो अधिसूचना निघाल्या दिवसाचा. वर दिलासा रक्कम १५ टक्के, ती १९८४ साली ३० टक्के झाली. निवाडा किती दिवसांत द्यायचा याला १९८४ पर्यंत कायद्यात बांधलेली मुदतच नव्हती. भाव गोठलेला आणि पैसा कधी येईल ते सांगता येत नाही. त्यातच १९७६ साली नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा आला. शहरी वापरात दाखवलेली जादा जमीन सरकारजमा, आणि जमीन कितीही असो, मोबदला जास्तीत जास्त दोन लाख रुपये! महाराष्ट्रात हा कायदा २००७ साली रद्द झाला, तोवर एक पिढी त्याच्या सावटाखाली गेली.

अशा वेळी दारात एक फिटर उभा राहतो. सातारा, बीड, उस्मानाबाद, खानदेश कुठूनही आलेला. कारखान्यात नोकरी आहे, राहायला खोली नाही. तो म्हणतो, एक गुंठा द्या, हे रोख घ्या. स्टँप पेपर होतो, नोटरी होते, व्यवहार संपतो. शेतकऱ्याने काय करायला हवे होते? धीर धरून प्राधिकरणाची वाट पाहायला हवी होती?

त्या काळी ज्यांनी गुंठे विकले, त्यांना शहरातले शहाणे अजून नावे ठेवतात की यांनी शहराचा उकिरडा केला, आराखडा बिघडवला. आम्ही म्हणतो, त्या शेतकऱ्याने त्याच्यापुढच्या कागदांवरून हिशेब बरोबर केला. उद्याचा बत्तासा आजच्यापेक्षा लहान होता आणि तो आणून देणाऱ्याचा शब्द खोटा ठरत आलेला होता. त्याने तीन मिनिटांत उचलला. भोगावे लागले ते गुंठा घेणाऱ्या कामगाराला आणि विकणाऱ्याच्या नातवाला. घरे अनधिकृत ठरली, गुंठेवारी नियमित करायला २००१ साली वेगळा कायदा करावा लागला, आणि २०१७ साली शहराच्या अंतर्गत रिंग रोडच्या आरक्षणातल्या घरांवर पाडापाडीचे संकट आले तेव्हा थेरगाव-काळेवाडीची बायामाणसे रस्त्यावर उतरली.

आणि जे थांबले त्यांचे काय झाले? नवी मुंबईत जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, जासईच्या परिसरात पाच जण गोळीबारात मेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. इकडेही साडेबारा टक्क्यांचे तत्त्व लागू झाले, पण १९७२ ते १९८३ या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या ते त्यातून बाहेर राहिले आणि पुढची दशके अर्ज, मोर्चे, शिष्टमंडळे यांत गेली. आणि २०२१ च्या जूनमध्ये प्राधिकरणच विसर्जित झाले! काही भाग महापालिकेकडे, बाकीचा महानगर विकास प्राधिकरणाकडे. ज्या दुकानात उधारी लिहिलेली ते दुकानच बंद. आता शेजारच्या दोन दुकानदारांपैकी कोणाच्या वहीत आपले खाते गेले ते शोधत फिरायचे. खेड तालुक्यात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी १५ टक्के परतावा ठरला होता, त्यासाठीही वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले.

भूखंड मिळायला दहा-पंधरा वर्षे लागतात म्हटल्यावर मधे दलाल उभा राहतोच. नवी मुंबईत साडेबारा टक्क्यांचा हक्क भूखंड हातात येण्याआधीच बिल्डरांना विकला गेला. त्रिपक्षीय करारनामा हा शब्द तिथल्या शेतकऱ्याच्या पोराला तोंडपाठ आहे. मुलीचे लग्न यंदा आहे, भूखंड कधी ते ठाऊक नाही. मग मोठ्या बत्ताशाची चिठ्ठीच अर्ध्या बत्ताशाला विकली. परतावा द्यायला सरकारने जितका उशीर लावला, तितका त्याचा मलिदा दुसऱ्याच्या ताटात गेला.

कांद्याचे याहून वेगळे नाही. उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये काढायचा. विद्यापीठ सांगते चाळीत ठेवा, सरकार चाळीला अनुदान देते. ठेवला तर चार-पाच महिन्यांत वजन घटते, सडतो, मोड येतात. शंभर किलोंतले तीस-चाळीस किलो गेले तरी पुढचा भाव ते भरून काढेल, या आशेवर शेतकरी थांबतो. आणि चाळीतला कांदा बाहेर काढायच्या वेळेला, १९ ऑगस्ट २०२३ ला, निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसते. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद. सांगितले काय, तर ३१ मार्च २०२४ पर्यंत. ती तारीख यायच्या आतच मुदत वाढवली. बंदी उठली ४ मे २०२४ ला. त्याआधी २०१९ च्या सप्टेंबरात आणि २०२० च्या सप्टेंबरात असेच झाले होते. खडू आणते म्हणून गेलेली बाई रिकाम्या हाताने परत यावी तसेच हे. पुढच्या एप्रिलला चाकणच्या बाजारात सगळा कांदा एकदम येतो, भाव पडतो, आणि वर्तमानपत्रात लिहून येते की शेतकऱ्याने टप्प्याटप्प्याने माल आणायला हवा.

हे सगळे सांगितले म्हणून कुणी असे समजू नये की दोष नेहमी समोरच्याचाच. माणसाच्या मनातही एक खोड आहे, शेतकऱ्याच्या तशीच कलेक्टरच्या. ती ओळखून ठेवलेली बरी.

आम्ही तुम्हाला विचारले की आज दहा हजार घेता की महिन्याने अकरा हजार, तर निम्मे लोक म्हणतील, आज द्या. पण विचारले, एका वर्षाने दहा हजार की तेरा महिन्यांनी अकरा हजार? तर बहुतेक म्हणतील, वर्षभर थांबलोच आहोत तर आणखी एक महिना काय, अकरा द्या. महिना दोन्हीकडे एकच, जादा हजारही तोच. मग उत्तर का बदलले? शेलारवाडीला घोरावडेश्वराच्या अगदी पायथ्याशी उभे राहा, डोंगर सगळे आभाळ व्यापतो, मागचा लोहगड दिसतच नाही. दूर जाऊन पाहा, कोण उंच ते लगेच कळते. पैशाचेही असेच. लांबून पाहताना आपण शहाणे असतो. चेक हातात पडायच्या दिवशी नाही.

त्यात माणूस ओढगस्तीत असला तर आणखी कठीण. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच शेतकरी ऊस तुटायच्या आधी आणि बिल हातात आल्यावर, असे दोनदा तपासले. बुद्धीची साधी कोडी घातली. आधी, म्हणजे उधारी-उसनवारीच्या दिवसांत, गुण कमी आले. नंतर वाढले. माणूस तोच, पण डोक्यात सावकार, दुकानदार आणि शाळेची फी बसलेली असताना बाकी विचाराला जागा उरत नाही. आता संमतीपत्रे घेऊन तलाठी-सर्कल दारात कोणत्या महिन्यात येतात, ते ज्याने त्याने आठवावे. मेअखेरीस बियाण्याची जुळवाजुळव चाललेली असते आणि सांगतात, पंधरा दिवसांत सही केलीत तर एवढे जादा.

म्हणून रक्कम किती, याच्या इतकाच ती कशी आणि केव्हा हातात पडते हा प्रश्न मोठा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत बाधित कुटुंबाला निवड दिली आहे. नोकरी द्यावी, नाहीतर एकरकमी पाच लाख, नाहीतर वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार, महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढत जाणारे. हिशेब मांडा. दोन हजार गुणिले दोनशे चाळीस महिने म्हणजे चार लाख ऐंशी हजार. महागाईची वाढ धरली तर त्याहून जास्त. उलट पाच लाख सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला एकोणतीसशे रुपये सुटतात आणि मुद्दल शाबूत. कागदावर एकरकमी जिंकते. पण कागदाला मेहुणे नसतात. कागदाकडे कुणी जीपचा कोटेशन घेऊन येत नाही, कागदाला ग्रामपंचायतीला उभे राहायचा आग्रह होत नाही. पाच लाखांच्या ठेवीवर वीस वर्षे हात न लावता बसणारी घरे तुम्ही मोजा आणि मग ठरवा.

आपल्याकडे 'गुंठामंत्री' म्हणून हसायची पद्धत आहे. गळ्यात साखळ्या, मोठी गाडी, वाढदिवसाचे फ्लेक्स. हसणाऱ्यांना आम्ही विचारतो, तुमच्या तीन पिढ्यांचा पगार एका सकाळी तुमच्या खात्यात टाकला असता तर तुम्ही काय केले असते? पण काळेवाडीत दुसरेही एक चित्र आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही. इथल्या काही घरांनी आलेल्या पैशातून दहा-बारा खोल्यांची चाळ बांधली, दहा बाय दहाच्या खोल्या, कारखान्यातल्या पोरांना भाड्याने. दिसायला गबाळे काम. पण दर महिन्याला येणारे ते पीक आहे, ना पाऊस लागत ना आडत्या. आणि मुख्य म्हणजे खोली मोडून जीप घेता येत नाही. पैसा विटांत अडकला म्हणून वाचला. आम्ही इथे ज्या कुटुंबांशी बोललो, त्यांत आज ताठ उभी दिसली ती बहुतेक या खोल्यावाल्यांची.

मायबहिणींना हे सांगायची गरज नाही. भिशी दुसरे काय आहे? व्याज नाही, नफा नाही, अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे भिशीत पैसे घालणारी बाई वेडी. पण घरात ठेवलेले पैसे नवऱ्याच्या, पोराच्या, पाहुण्याच्या हाती लागतात. भिशीत गेलेले लागत नाहीत, आणि हप्ता चुकवला तर बाकीच्या अकरा जणींना तोंड दाखवायचे कसे? हातात पैसा असताना स्वतःच्याच हाताला बांधून घेण्याची ही युक्ती आहे. केनियात मक्याच्या शेतकऱ्यांवर हाच प्रयोग करून त्याचे अर्थशास्त्र लिहिले गेले. तिथले शेतकरी म्हणत, खत टाकायचे आहे, पण पेरणीला पैसेच उरत नाहीत. ड्युफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन यांनी काढणी झाल्याबरोबर, माल विकून हातात पैसा असतानाच, पुढच्या हंगामाच्या खताची पावती विकायची सोय केली आणि खत घरपोच पाठवले. निम्म्या किमतीत खत देऊन वापर जेवढा वाढतो, त्याच्या तोडीस तोड वाढ नुसती वेळ बदलून झाली. हरियाणाने २००७ साली मोबदल्याच्या वर एकरी दरवर्षी १५,००० रुपये, दर साली ५०० रुपयांच्या वाढीने, ३३ वर्षे द्यायचे ठरवले. २०१० साली ते २१,००० आणि ७५० केले. रक्कम काही डोळे दिपवणारी नाही. पण जमीन गेलेल्या घरात तेहेतीस वर्षे काहीतरी येत राहील, अशी ती रचना आहे. महाराष्ट्राने तिची नक्कल केली असती तर बरे झाले असते.

हडपसरच्या मगरपट्ट्याचे नाव तुम्ही घ्याल, ते घ्यायलाच हवे. तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जवळपास ४०० एकर जमीन कुणाला विकली नाही, स्वतःच्या कंपनीत घातली, जमिनीच्या प्रमाणात हिस्से घेतले आणि २००० सालापासून नगर उभे केले. पुढे सिंहगड रस्त्याला नांदेड सिटी त्याच वाटेने झाली. ते का थांबू शकले? मगरांच्या अंगी जन्मजात धीर होता म्हणून? वचन देणारा आणि वचन घेणारा एकाच शिवारातले, बरेचसे एकाच भावकीतले होते. पुढारी रात्री कुठे झोपतो ते सगळ्यांना ठाऊक होते. तरी उद्यापासून प्रत्येक गावात मगरपट्टा करू म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. चारशे एकर सलग, मोठा जमीनधारक सगळ्यांच्या बरोबर उभा, आणि शहर कुंपणाला टेकलेले, या तीन गोष्टी तुमच्या शिवारात आहेत का ते आधी बघा.

मग आज संमतीपत्र समोर आहे त्यांनी काय विचारायचे? आमच्या मते पहिला प्रश्न टक्क्यांचा नाही, तारखेचा आहे. दहा टक्के की साडेबारा यावर आपण घसा कोरडा करतो आणि 'विकसित भूखंड यथावकाश देण्यात येईल' या ओळीवर सही करून येतो. यथावकाश म्हणजे कधी? रोख मोबदला उशिरा मिळाला तर २०१३ च्या कायद्याच्या कलम ८० प्रमाणे ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज आहे. उसाचे बिल चौदा दिवसांत दिले नाही तर १९६६ च्या आदेशाप्रमाणे १५ टक्के व्याज आहे, पदरात पडते की नाही ते सोडा, निदान मागता येते. वाकडला फ्लॅट घेणाऱ्या संगणकवाल्याला बिल्डरने ताबा उशिरा दिला, तर २०१६ च्या रेरा कायद्याने उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागता येते. ज्याच्या जमिनीवर तो फ्लॅट उभा राहिला, त्याच्या परताव्याच्या भूखंडाला पंधरा वर्षे उशीर झाला तर त्याला काय? तो वाट पाहणार.

म्हणून आमची मागणी अशी आहे की परताव्याच्या प्रत्येक करारात भूखंड देण्याची तारीख असावी, आणि ती चुकली तर त्या दिवसापासून भूखंड मिळेपर्यंत बाजारभावाने भाडे दरमहा खात्यात जमा व्हावे. उशिराचा भुर्दंड ज्याच्या हातात उशीर आहे त्याने सोसावा. भाडे येत राहिले तर मुलीच्या लग्नासाठी चिठ्ठी अर्ध्या किमतीत विकायची पाळी येणार नाही. करार करणारी संस्था विसर्जित झाली तर तिची देणी कोणाच्या डोक्यावर, हेही आताच लिहून घ्यावे. पिंपरी-चिंचवडकरांना ते लिहून मिळाले नव्हते.

दुसरे आपल्या घरातले. निवाड्याची रक्कम यायच्या आधी, डोंगर अजून लांब आहे तोवर, घरातल्या सगळ्यांनी बसून तिची विभागणी कागदावर करावी. कर्ज किती फेडायचे, किती ठेवीत, किती खोल्यांत किंवा दुसऱ्या जमिनीत, आणि किती मौजेत, हेही लिहावे. मौजेला काहीच ठेवले नाही तर सगळेच मौजेत जाते. खाते नवरा-बायकोच्या जोड नावाने असावे. काही गावांत भावकीने मिळून ठरवले की सहा महिने कोणी गाडी घ्यायची नाही, म्हणजे एकाची आली म्हणून दुसऱ्याला घ्यावी लागत नाही. हे गावात चालते, कायद्याने करता येत नाही.

तिसरे, संमतीची मुदत. पंधरा दिवसांची सवलत दाखवून सही मागितली तर ग्रामसभेने मुदतवाढीचा ठराव करावा आणि तो लेखी पोचवावा. पेरणी ते काढणी या काळात संमतीपत्रे घेऊ नयेत, अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे आपण सगळे तालुके मिळून करणार आहोत. निवेदनाचा मसुदा इथे टेबलावर ठेवला आहे.

जेवणानंतर खेड आणि मावळच्या मंडळींनी थांबावे. ज्यांच्याकडे संमतीपत्राच्या किंवा परताव्याच्या पत्राच्या प्रती आहेत त्यांनी त्या बाहेर काढाव्यात, आपण एकेक ओळ वाचू आणि जिथे तारीख नाही तिथे लाल खूण करू. पुरंदरच्या लोकांना शेवटची एसटी गाठायची आहे, त्यांचे कागद आधी घेऊ.